बॉब विडलर: लॅबमधल्या ऑप-अँपमागचा अवलिया

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला इलेक्ट्रॉनिक्स घेतलं की ऑप-अँपचा इंटिग्रेटर आणि डिफरन्शिएटर ही दोन प्रॅक्टिकल्स काही चुकत नाहीत. पुस्तकात सगळं सरळ असतं. इंटिग्रेटरला स्क्वेअर वेव्ह दिली की ट्रँगल मिळते, डिफरन्शिएटरला ट्रँगल दिली की स्क्वेअर. ब्रेडबोर्डवर मात्र पहिल्याचं आउटपुट सरकत सरकत सप्लायपाशी जाऊन चिकटतं, आणि दुसऱ्याच्या वेव्हच्या कडा थरथरत राहतात. मग आपण वायरी हलवतो, आयसी बदलतो आणि शेवटी जर्नलमध्ये पुस्तकातलीच आकृती काढतो! मला या दोन्ही दुखण्यांचं मूळ बॉब विडलरचं काम वाचताना नीट उमगलं, म्हणून आज त्याच्याबद्दल.

विडलरचा जन्म १९३७ चा, अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचा. वडील रेडिओचं काम करायचे, त्यामुळे घरातच नाद लागला. काही वर्षं हवाई दलात काढून १९६३ मध्ये तो कोलोरॅडो विद्यापीठातून पदवीधर झाला आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या फेअरचाइल्ड कंपनीत लागला. तोवर ऑप-अँप म्हणजे व्हॅक्यूम ट्यूबचा किंवा सुट्या ट्रान्झिस्टरचा डबा. चिपवर मोठा रेझिस्टर फार जागा खातो, ट्रान्झिस्टर मात्र छोटे आणि एकसारखे मिळतात, हे ओळखून विडलरने रेझिस्टरची बरीच कामं ट्रान्झिस्टरकडूनच करून घेतली. त्यातून १९६४ मध्ये म्यूए७०२ आणि १९६५ मध्ये म्यूए७०९ या चिप आल्या. ७०९ तुफान चालली.

पण ७०९ नाजूक होती. आउटपुट शॉर्ट झालं की चिप गेली. शिवाय ती स्थिर ठेवायला बाहेरून दोन कपॅसिटर आणि एक रेझिस्टर लावावा लागे. का? ऑप-अँपचं आउटपुट इनपुटच्या थोडं मागे असतं. फ्रिक्वेन्सी वाढली की हा उशीर इतका होतो की फीडबॅक विरोध करायच्याऐवजी साथ द्यायला लागतो, आणि सर्किट आपलं आपणच ऑसिलेट होतं. विडलर नॅशनल सेमीकंडक्टरमध्ये गेला आणि १९६७ च्या एलएम१०१ मध्ये त्याने हे काम ३० पिकोफॅरडच्या एका कपॅसिटरवर आणलं, शॉर्टपासूनही संरक्षण दिलं. तोच कपॅसिटर १९६८ मध्ये फेअरचाइल्डच्या डेव्ह फुलगर यांनी चिपच्या आत बसवला, ती आपली ७४१. (७४१ विडलरची असं बरेच जण समजतात. ती त्याची नाही.)

मग ७४१ वापरूनही डिफरन्शिएटर का थरथरतो? कारण त्याचे बाहेरचे कपॅसिटर-रेझिस्टर फीडबॅकमध्ये आणखी उशीर घालतात. इनपुट कपॅसिटरसोबत सिरीजमध्ये एक छोटा रेझिस्टर लावा, थरथर शांत होते.

इंटिग्रेटरचं दुखणं वेगळं: बायस करंट. ऑप-अँपच्या इनपुटला थोडा करंट लागतोच, ७४१ ला साधारण ८० नॅनोअँपिअर. तो फीडबॅकमधल्या ०.०१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरला सेकंदाला ८ व्होल्टने चार्ज करतो. म्हणजे नुसत्या बायस करंटने, सिग्नल न देताही, दोन सेकंदांच्या आत आउटपुट कडेला! कपॅसिटरला समांतर मोठा रेझिस्टर लावतात तो यासाठीच.

विडलरने मुळावरच घाव घातला. बेस अतिशय पातळ ठेवला की ट्रान्झिस्टरचा गेन हजारोंमध्ये जातो आणि इनपुट करंट घटतो, पण असा ट्रान्झिस्टर थोड्याच व्होल्टेजला फुटतो. मग त्याने साधे ट्रान्झिस्टर ढालीसारखे लावून त्याच्यावर व्होल्टेजच येऊ दिलं नाही. त्या एलएम१०८ चा बायस करंट साधारण ०.८ नॅनोअँपिअर. तोच कपॅसिटर भरायला आता अडीच मिनिटांहून जास्त लागतात. माझ्या मते ७०९ पेक्षा हे काम मोठं आहे.

माणूस मात्र भलताच विक्षिप्त. दारू बेसुमार. खराब निघालेला पार्ट तो हातोड्याने कुटून भुगा करायचा, म्हणजे तो पुन्हा सर्किटमध्ये यायलाच नको. ऑफिसात त्याने एक यंत्र ठेवलं होतं. कुणी आवाज चढवला की ते कर्कश किंचाळायचं, हळू बोललं की गप्प. कंपनीने खर्च वाचवायला लॉनचं गवत कापणं बंद केलं, तर हा गाडीतून मेंढी घेऊन आला आणि तिला लॉनवर सोडली.

एलएम१०९ या व्होल्टेज रेग्युलेटरमध्ये त्याने बँडगॅप रेफरन्स प्रत्यक्ष वापरात आणला. चिप गरम झाली तरी जवळजवळ न हलणारं व्होल्टेज देणारं हे सर्किट. फोनमधल्या पॉवर चिप आजही याच कल्पनेवर चालतात.

१९७० च्या अखेरीला, अवघ्या ३३ व्या वर्षी, नोकरी सोडून तो मेक्सिकोत समुद्रकाठच्या प्वेर्तो व्हायार्ताला राहायला गेला. काम पुरतं सुटलं नाही. पुढे सल्लागार म्हणून त्याने १.१ व्होल्टवर चालणारा एलएम१० हा ऑप-अँप केला, १९८१ मध्ये लिनिअर टेक्नॉलॉजी कंपनीच्या स्थापनेतही तो होता, आणि भांडून तिथूनही बाहेर पडला. फेब्रुवारी १९९१ मध्ये प्वेर्तो व्हायार्तालाच धावताना हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. वय ५३.