जॉन पोस्टेल

जोनाथन ब्रूस पोस्टेल (६ ऑगस्ट, १९४३ : आल्टाडेना, कॅलिफोर्निया - १६ ऑक्टोबर, १९९८ : लॉस एंजेलस, कॅलिफोर्निया) हे अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ होते. इंटरनेटवरील पत्ते व क्रमांकांची नोंदवही त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. संगणकाच्या पत्त्याचे द्विमान स्वरूप निश्चित करणाऱ्या दस्तऐवजाचे ते संपादक होते.

जीवन

पोस्टेल यांचे शालेय शिक्षण व्हॅन नाइज हायस्कूलमध्ये झाले. विंटन सर्फ व स्टीव्ह क्रॉकर हेही याच शाळेचे विद्यार्थी होते. लॉस एंजेलस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी १९६६ मध्ये पदवी आणि १९७४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. १९६९ मध्ये आर्पानेटचे पहिले केंद्र याच विद्यापीठात सुरू झाले, तेव्हा ते तेथे विद्यार्थी म्हणून काम करीत होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'आरएफसी' दस्तऐवजमालेचे संपादन त्यांनी आजन्म केले. १९७७ पासून ते दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमध्ये होते.

पत्त्यांचे द्विमान स्वरूप

सप्टेंबर १९८१ मधील आरएफसी ७९१ नुसार प्रत्येक पत्ता ३२ बिटांचा असतो. त्यामुळे सुमारे ४२९ कोटी पत्ते शक्य होतात. माणसांच्या सोयीसाठी त्याचे आठ-आठ बिटांचे चार भाग करून ते दशमान अंकांत, मध्ये टिंब देऊन लिहितात. उदाहरणार्थ, १०.२.०.५२ हा पत्ता द्विमानात ००००१०१० ००००००१० ०००००००० ००११०१०० असा होतो. सर्वाधिक किमतीचा भाग प्रथम पाठवावा, असा नियम या दस्तऐवजात आहे. अनेक संगणक स्मृतीत उलटा क्रम ठेवतात. आज्ञावलीत हा क्रम बदलण्याचे राहून गेल्यास हाच पत्ता ५२.०.२.१० असा वाचला जातो.

पोस्टेल यांच्या त्या काळच्या यादीत प्रत्येक भाग तीन अंकी, आरंभी शून्ये देऊन लिहिलेला असे. बर्कली युनिक्समधील रूपांतराचे फंक्शन मात्र शून्याने सुरू होणारा आकडा अष्टमान समजते, त्यामुळे ०१०.००२.०००.०५२ चा अर्थ ८.२.०.४२ असा होतो. पुढे १२८ बिटांच्या आयपीव्ही६ पत्त्यांसोबत आलेले इनेट_पीटॉन हे फंक्शन केवळ दशमान भाग स्वीकारते, तर इनेट_एनटॉप उलट रूपांतर करते.

१ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेटने ही पत्तापद्धती स्वीकारली. पत्ते लक्षात ठेवणे कठीण असल्याने पॉल मॉकापेट्रिस यांनी पोस्टेल यांच्या सहकार्याने त्याच वर्षी डोमेन नाम प्रणाली मांडली. देशवार डोमेन सोपवण्याचे काम पोस्टेल पाहत असत. १९८९ मध्ये सुरू झालेल्या भारताच्या '.इन' डोमेनचे व्यवस्थापन मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेकडे होते.

अखेरचे वर्ष

२८ जानेवारी १९९८ रोजी पोस्टेल यांच्या विनंतीवरून १२ पैकी ८ मूळ नाम-सर्व्हरांनी मुख्य यादी त्यांच्या संगणकावरून घेण्यास सुरुवात केली. ही चाचणी असल्याचे त्यांनी सांगितले. अमेरिकी सरकारच्या सूचनेनंतर त्यांनी पूर्वस्थिती आणली. सर्वसंमतीवर चाललेले हे काम नेमके कोणाच्या अधिकारात येते, हा प्रश्न त्यामुळे उघडपणे पुढे आला. त्या कामासाठी सप्टेंबरमध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली. पुढच्याच महिन्यात हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीमुळे पोस्टेल यांचे वयाच्या ५५ व्या वर्षी निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ इंटरनेट सोसायटी १९९९ पासून पोस्टेल पुरस्कार देते.