निराधारांचे घर उभारणाऱ्या पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाईंचे नाव आपण सर्वजणी संस्कृत विदुषी म्हणून ऐकत आलो आहोत. परंतु ज्यांना घर नाही, ज्यांचे म्हणावे असे कोणी नाही, अशा स्त्रियांना राहावयास जागा कशी असावी याचा बारकाईने विचार करून ती प्रत्यक्ष उभारणाऱ्या रमाबाई तितक्याच मोठ्या होत्या. त्यांच्या चरित्राची ही बाजू मंडळाच्या भगिनींपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी आजच्या कर्नाटकातील गंगामूळ येथे, आपल्याच सह्याद्रीच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताविरुद्ध आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकविले आणि पुढे मातेने तीच विद्या कन्येला दिली. रमाबाई लहान असतानाच हे कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेस निघाले व पुराणे सांगत गावोगाव हिंडू लागले. पुढे दुष्काळ आला. वृद्ध वडिलांची दृष्टी गेलेली, गाठीला पैसा नाही आणि परमुलखात ओळख नाही. १८७४ मध्ये थोड्याच काळात वडील, आई व थोरली बहीण अशी तिघे गेली. आईला खांदा देण्यासही पुरेशी माणसे मिळेनात. रमाबाईंची उंची बेताची, म्हणून त्यांनी तिरडी डोक्यावर घेतली. म्हातारपणी निवारा नसणे म्हणजे काय, हे त्यांनी असे आपल्याच घरात पाहिले.

१८७८ मध्ये बंधू श्रीनिवास यांच्यासह त्या कलकत्त्यास गेल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८० मध्ये बंधू निवर्तले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. पण १८८२ मध्ये पटकीने तेही गेले. कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी घेऊन रमाबाई पुण्यास आल्या व त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तेथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी धर्मभगिनी चालवीत असलेली आश्रयगृहे त्यांनी पाहिली. अशा स्त्रियांनाही मायेने जवळ करता येते, हा विचार त्यांच्या मनात तेथे पक्का झाला.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. तेथील मित्रमंडळींनी विधवांच्या कार्यासाठी दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत ‘शारदा सदन’ निघाले व पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. तेथे ज्या त्या मुलीला आपल्या जातीचे आचार पाळण्याची मुभा होती. तथापि १८९३ मध्ये काही मुलींच्या धर्मांतराच्या ओढीवरून मोठे वादळ उठले, सल्लागार मंडळ दूर झाले व अनेक पालकांनी आपल्या मुली परत नेल्या. तो वाद लहान नव्हता. पण रमाबाईंनी काम सोडले नाही.

दहा वर्षांची मदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न त्यांनी वेळीच ओळखला. म्हणून पुणे जिल्ह्यात केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेतली. फळझाडांच्या उत्पन्नावर संस्था चालावी, असा त्यांचा बेत होता. इतक्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात फिरल्या आणि उपासमारीने खंगलेल्या शेकडो मुली व विधवा घेऊन आल्या. पुण्यात प्लेग असल्याने त्यांना केडगावच्या मळ्यावरच ठेवणे भाग पडले. आधी झोपड्या पडल्या, मग विहिरी खणल्या, मग पक्क्या इमारती झाल्या. हेच ‘मुक्ती सदन’ होय. १९०० च्या सुमारास गुजरातच्या दुष्काळातील स्त्रियाही आल्या व तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांना एका छपराखाली कोंडणे सोपे होते. रमाबाईंनी तसे केले नाही. फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ आणि वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी ‘प्रीती सदन’ अशी स्वतंत्र घरे केली. आंधळ्यांची निराळी सोय करून त्यांना बोटांनी वाचण्याची ब्रेल लिपी शिकविली; यात मनोरमाबाईंचा मोठा हात होता. जिला जे झेपेल ते काम तिला मिळे. शेती, गुरे, विणकाम, शिवण, इतकेच काय, छापखानाही स्त्रियाच चालवीत. आपण कोणावर ओझे आहोत असे कोणालाही वाटू नये, अशी ती रचना होती.

१९२१ मध्ये मनोरमाबाई गेल्या. ज्या लेकीच्या हाती कार्य सोपवावयाचे, तीच आधी गेली. पुढे ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला. त्यांनी लावलेले केडगावचे झाड मात्र आजही निराधारांना सावली देत आहे.

भगिनींनो, आता काळ बदलला आहे. २००७ च्या कायद्याने मुलांवर आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी टाकली असून, प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असे वृद्धाश्रम शासनाने काढावेत, अशीही त्यात तरतूद आहे. परंतु आपला गगनबावडा पडला घाटमाथ्यावर आणि धो धो पावसाच्या मुलखात. आयुष्य या डोंगरात काढलेल्या म्हातारीला ओळखीचे अंगण आणि शेजार सोडून दूर कोठे जावेसे वाटेल? मुले नोकरीधंद्यासाठी कोल्हापूर-मुंबईला असली, की पावसाळ्यात तिच्या घरी पाणी कोण भरते, रात्री दुखलेखुपले तर हाक कोणाला मारावयाची, पायरी उंच आहे की अंगण निसरडे, आणि तिच्या हाताला झेपेल असे काही काम आहे का, एवढे जरी आपण दारोदार जाऊन विचारले, तरी पुष्कळ होईल. रमाबाईंनी इमारतीपूर्वी माणसे पाहिली, प्रत्येकीची गरज निराळी ओळखली आणि मग घर बांधले. इमारत आपल्या हाती नसेल. पाहणे आणि विचारणे मात्र खासच आहे.