४२.३४ मीटरवरचा लपंडाव

विरार लोकलने चर्नी रोडला उतरून चौपाटीवर भेळ खायला जाणाऱ्या वसईकरांनी एकदा आसपासच्या जुन्या इमारतींकडे मान वर करून पाहावे. १९४२ मध्ये याच परिसरात काँग्रेस रेडिओ दडला होता आणि त्यावरून बोलणारी उषा मेहता अवघी २२ वर्षांची होती.

तिचा जन्म २५ मार्च १९२० चा, सुरतेजवळच्या सरस गावचा. वडील इंग्रजी अमलातले न्यायाधीश. ते निवृत्त झाल्यावर कुटुंब मुंबईला आले. पुढे चले जावची हाक आली, नेते तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांच्या तोंडाला कुलूप लागले. मग विठ्ठलदास खाकर, चंद्रकांत झवेरी प्रभृतींबरोबर उषाबेनने गुप्त प्रक्षेपक उभा केला. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर आवाज उमटला.

सरकारने दोन डाव टाकले. त्याच लहरीवर खरखर सोडून आवाज बुडवायचा आणि दिशाशोधक यंत्रांच्या गाड्या फिरवून जागा हुडकायची. ऐकणाऱ्याला मात्र कोडे पडे, ही हवेची खरखर की मुद्दाम घातलेला गोंधळ? आजची बिनतारी यंत्रणा याचा माग सोप्या युक्तीने काढते : लहर जोरकस येते आहे, तरी संदेश पोचत नाही, तर कोणीतरी आड येते आहे. तेव्हा फक्त कान होता.

उषाबेनची कोंडी वेगळीच. बोलत राहावे तर ठिकाण सापडणार, गप्प बसावे तर सरकार आपोआप जिंकणार. म्हणून बिऱ्हाड सारखे हलवायचे. समोरचा काय करील हे ताडून आपली चाल ठरवण्याच्या या विद्येवर नॉयमन आणि मॉर्गेनस्टर्न यांचा ग्रंथ निघाला १९४४ मध्ये. गिरगावात तिचा प्रयोग आधीच होऊन गेला!

घात यंत्राने केला नाही. पकडलेल्या एका तंत्रज्ञाने ठिकाण दाखवले. १२ नोव्हेंबरला धाड येणार हे ठाऊक असूनही उषाबेन प्रक्षेपणाला बसली आणि पकडली गेली. कित्येक महिने चौकशी झाली, पण तिने तोंड उघडले नाही. चार वर्षांची सजा होऊन ती येरवड्यात गेली आणि १९४६ मध्ये सुटली.

पुढे ती गांधीविचारांवर डॉक्टरेट मिळवून विल्सन कॉलेजात प्राध्यापक झाली. १९९८ मध्ये पद्मविभूषण मिळाले. २००० च्या ९ ऑगस्टला प्रकृती बरी नसतानाही त्या क्रांती मैदानावरच्या कार्यक्रमाला गेल्या, थकून घरी परतल्या आणि दोन दिवसांनी गेल्या.