अमेरिकेत डॉक्टर व्हायला गेलेल्या आनंदीबाई जोशींनी नऊवारी का सोडली?

हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये सकाळी कंपनीच्या बसमधून उतरणाऱ्या मुली पाहिल्या, तर एक गोष्ट लगेच लक्षात येते. अंगात इस्त्री नसली तरी चालेल असा साधा शर्ट, आणि बॅगेत एखादं श्रग, स्वेटर नाहीतर जॅकेट. बाहेर ऊन असलं तरी आत एसी इतका गार असतो की अंगावर दुसरा थर लागतोच. कोणता शर्ट घालायचा आणि त्यावर काय घ्यायचं, हे जिचं तिनं ठरवायचं. त्याची कारणं कोणी नवऱ्याला पत्र लिहून कळवत नाही.

सुमारे 140 वर्षांपूर्वी याच पुण्यात जन्मलेल्या एका मुलीला मात्र ती कळवावी लागली होती. तिचं नाव डॉ. आनंदीबाई जोशी.

यमुनेची आनंदी झाली

31 मार्च 1865 रोजी पुण्यात आजोळी यमुनाचा जन्म झाला. वडील गणपतराव जोशी कल्याणचे. नवव्या वर्षी तिचं लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी झालं. ते बिजवर होते आणि वयानं तिच्याहून सुमारे 20 वर्षांनी मोठे. सासरी तिचं नाव आनंदी ठेवलं गेलं.

बायकोनं शिकलंच पाहिजे, हा गोपाळरावांचा हट्ट होता. अभ्यासात कसूर झाली की लहानग्या आनंदीला मारही खावा लागे. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असा तिचा प्रवास होत गेला. मुंबईत पुस्तकं घेऊन शाळेत पायी जाणाऱ्या या विवाहित मुलीकडे बघून लोक हसत.

चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. हातात पदवी असलेली स्त्री डॉक्टर तेव्हा कुठे भेटायची? पुरुष डॉक्टरकडे जायला बायका तयार नसत. आपणच डॉक्टर व्हायचं, हा विचार आनंदीबाईंच्या मनात तिथून पक्का होत गेला.

आहे तशीच परत येण्याचा शब्द

न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी गोपाळरावांचं अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापलेलं पत्र वाचलं आणि मदतीचा हात पुढे केला. पत्रव्यवहार वाढला, आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. पण समुद्र ओलांडायचा म्हणजे धर्म बुडणार, ही बाई तिकडे जाऊन ख्रिस्ती होणार, असं लोक बोलू लागले.

24 फेब्रुवारी 1883 रोजी सेरामपूर कॉलेजात आनंदीबाईंनी भर सभेत इंग्रजीत भाषण करून या सगळ्यांना उत्तर दिलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, राहणी, पेहराव आणि आहार बदलणार नाही, असा त्या भाषणाचा आशय होता. वय होतं अठराच्या आत.

एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि 4 जून 1883 रोजी न्यूयॉर्कला पोहोचल्या. गोपाळराव सोबत नव्हते. उन्हाळा मावशींच्या घरी सुखात गेला. ऑक्टोबरमध्ये फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात शिक्षण सुरू झालं आणि पाठोपाठ थंडीही आली.

साडी आठ मीटरची, तरी पाय उघडे

फिलाडेल्फियाच्या हिवाळ्यात पारा शून्याखाली जाणं नेहमीचंच. तिथे नऊवारीची अडचण कशी झाली असेल, हे तिची नेसण पाहिली की कळतं. नऊ वार म्हणजे आठ मीटरहून जास्त कापड. पण ते दोन पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचायचा असतो. त्यामुळे हालचाल मोकळी होते, शेतात किंवा घरात काम करणाऱ्या बाईला ते सोयीचं पडतं. मात्र पोटऱ्या उघड्या राहतात, आणि कासोट्यामुळे आत परकर घालता येत नाही.

ऊब देते ती कापडाच्या थरांमध्ये अडकलेली हवा. एका जाड कपड्यापेक्षा एकावर एक घातलेले दोन साधे कपडे जास्त उपयोगी पडतात, ते याचमुळे. नऊवारीत नेमका हा आतला थरच घालता येत नव्हता. त्यात राहत्या खोलीतली शेगडी धूर करायची. ती पेटवली की धूर आणि विझवली की गारठा.

इंग्रजी झगा घातला असता तर प्रश्न एका दिवसात सुटला असता. पण मग दिलेल्या शब्दाचं काय? आनंदीबाईंनी मधला रस्ता काढला. त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. या नेसणीत कासोटा नसतो, निऱ्या समोर असतात, साडी घोट्यापर्यंत येते, पदर उजव्या खांद्यावरून पुढे येऊन छाती झाकतो आणि मुख्य म्हणजे आत परकर घालता येतो. पेहराव हिंदूच राहिला, फक्त त्यात थर वाढले.

हा निर्णय त्यांनी गोपाळरावांना पत्रातून कळवला, कारणांसह. ज्यांनी स्वतः तिला सातासमुद्रापार पाठवलं, त्यांना हा बदल रुचला नाही. बायको हाताबाहेर जाते की काय, अशी धास्ती त्यांच्या पत्रांतून डोकावू लागली. आनंदीबाई मात्र अभ्यास आणि आजारपण सांभाळत शांतपणे उत्तरं देत राहिल्या. मांसाहाराला त्यांनी अखेरपर्यंत हात लावला नाही.

10 ऑक्टोबर 1885 चा त्यांचा एक फोटो प्रसिद्ध आहे. त्यात जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लामबुली या दोघी विद्यार्थिनींसोबत त्या आहेत. तिघी आपापल्या देशाच्या पेहरावात आहेत, आनंदीबाई अर्थातच साडीत.

पदवी मिळाली, पण दवाखाना राहिला

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाई एम.डी. झाल्या. हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. पदवीदान समारंभाला गोपाळराव होते आणि पंडिता रमाबाईही मुद्दाम आल्या होत्या. पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक ठरल्या. कोल्हापूर संस्थाननं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागासाठी त्यांची नेमणूक केली.

पण तोवर क्षयानं शरीर पोखरलं होतं. 1886 च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या, मात्र कोल्हापूरच्या कामावर कधी रुजू होऊ शकल्या नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यातच त्यांचं निधन झालं. बावीस वर्षं पूर्ण व्हायला महिनाभर बाकी होता. त्यांच्या अस्थी मावशींकडे अमेरिकेत पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथल्या दफनभूमीत त्यांच्या नावाची शिळा उभी राहिली.

क्षय हा जंतूंमुळे होणारा रोग आहे. त्यामुळे नऊवारीनं किंवा थंडीनं त्यांचा जीव घेतला, असं म्हणता येणार नाही. पण परक्या देशात, आजारी असताना, अंगावर काय घालावं एवढ्या साध्या गोष्टीसाठीही त्यांना समाजाला दिलेला शब्द आठवावा लागला आणि नवऱ्याची समजूत काढावी लागली. त्या दोन्हींतून वाट काढत त्यांनी शिक्षण पूर्ण केलं.

हिंजवडीत आज थंडी वाजली की बॅगेतलं जॅकेट काढून सहज अंगावर चढवलं जातं. आनंदीबाईंना आतला एक परकर वाढवण्यासाठीसुद्धा खुलासा द्यावा लागला होता.