देवळालीचे मास्तर आणि माझे ७७ आकडे

हा लेख म्हणजे खरं तर माफीनामा आहे. ज्यांची माफी मागायची ते दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९८६ सालीच गेले. त्यामुळे हा माफीनामा आपल्या मॅगझिनमध्येच छापून घ्यावा म्हटलं. गुन्हा असा, की मी एक आख्खी रात्र होस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये फिरून कापरेकरांचा नियम चुकीचा आहे असं सगळ्यांना सांगत होतो. पुरावा म्हणून माझ्याकडे ७७ आकड्यांचा प्रिंटआउट होता.

पहिल्या वर्षाचं ते प्रॅक्टिकल सगळ्यांना आठवत असेल. ॲरेवरची साधी साधी फंक्शन्स लिहायची: ॲरे वाचणे, चढत्या क्रमाने लावणे, उलटा करणे, त्याची बेरीज काढणे. जर्नलमध्ये फ्लोचार्ट आणि आउटपुट चिकटवलं की सही मिळते. आमच्या सरांनी मात्र त्या वेळी एक जादा गणित दिलं. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या क्रमाने लावा, मोठ्यातून लहान वजा करा. जे उत्तर येईल त्यावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा केलं की ६१७४ येतंच, आणि एकदा आलं की तिथून हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. हे शोधलं नाशिकजवळच्या देवळालीतल्या एका शाळामास्तरांनी, १९४९ साली. बघा प्रोग्रॅम लिहून, असं म्हणून सर निघून गेले.

मी लिहिला. चार अंकांचा ॲरे, एक सॉर्ट, एक रिव्हर्स, ॲरेचा पुन्हा आकडा करणारं एक फंक्शन. ३५२४ टाकून पाहिलं: ३०८७, ८३५२, ६१७४. तीन पायऱ्यांत खलास. १९४७ ला पाच लागल्या. मधे ३०८७ ला शून्य आलं होतं, चढत्या क्रमाने ०३७८ झालं, तरी काही बिघडलं नाही. म्हणून शून्याचा काही त्रास नाही असं मी स्वतःच ठरवून टाकलं. मग १००० पासून ९९९९ पर्यंत लूप लावला आणि प्रोग्रॅम पहिल्याच आकड्याला गचकला. नुसता कर्सर लुकलुकत राहिला.

वीस पायऱ्यांत ६१७४ आलं नाही तर आकडा छापून पुढे जा, अशी अट घातली. यादीत ७७ आकडे आले. ११११, २२२२ वगैरे नऊ तर येणारच होते, ते नियमातच वगळलेले. पण उरलेल्या ६८ चं काय? १०००, १०११, ११०१, १११०, १११२, ११२१... सगळे शून्यावर जाऊन मरत होते. मला तर आभाळ ठेंगणं झालं. शाळेतल्या मास्तरानं हातानं चार गणितं करून नियम सांगितला असेल, त्याला कुठे नऊ हजार आकडे तपासता आले असतील? आमच्याकडे मशीन आहे! रूम पार्टनरला झोपेतून उठवून हे ऐकवलं. तो म्हणाला, सकाळी बघू, आणि कूस बदलून झोपला.

आता या मास्तरांविषयी मला त्या रात्री काय माहीत होतं? शाळामास्तर, एवढंच. पुढे लायब्ररीत बसून जे समजलं ते सांगतो.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ चा, डहाणूचा. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. पत्रिका मांडायची तर आकडेमोड आलीच, आणि पोराच्या हातात आकडे खेळायला आले ते बहुधा तिथूनच, असं मला वाटतं. आठ वर्षांचे असताना आई गेली. शाळा ठाण्यात झाली. १९२३ मध्ये पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात आले. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचं गणिताचं पारितोषिक मिळालं, तेही स्वतःच्या नव्या कामासाठी. हे परांजपे म्हणजे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झालेले पहिले भारतीय. त्यांच्या नावाचं बक्षीस मिळवणारा मुलगा पुढे मोठा प्रोफेसर होणार असं कुणालाही वाटलं असतं. तसं झालं नाही. १९२९ ला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि १९३० पासून ते देवळालीत शाळामास्तर झाले. १९६२ ला निवृत्त होईपर्यंत तेच. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही, गाईड नाही.

बत्तीस वर्षं शाळेत शिकवायचं आणि उरलेल्या वेळात आकड्यांच्या मागे लागायचं, असा त्यांचा क्रम. लोक त्यांना गणितानंद म्हणायचे. गणिताच्या परिषदांना ते जात, कॉलेजांतून व्याख्यानं देत. पण देशातल्या बऱ्याच गणितज्ञांना हे काम पोरखेळ वाटायचं. प्रमेय नाही, थिअरी नाही, नुसते अंक उलटेसुलटे करायचे, याला काय गणित म्हणायचं? त्यांचे लेख लहानसहान मासिकांत येत, नाहीतर ते स्वतःच पुस्तिका छापून घेत. त्या रात्री कॉरिडॉरमध्ये मी तरी वेगळं काय म्हणत होतो?

आणि काम तरी केवढं! आपल्या प्रॅक्टिकलच्या भाषेत सांगायचं तर त्यांचं जवळजवळ प्रत्येक कोडं ॲरेवरचं एक छोटं फंक्शन आहे. ४५ चा वर्ग २०२५. मधोमध तोडा, २० अधिक २५, पुन्हा ४५. २९७ चा वर्ग ८८२०९, ८८ अधिक २०९ पुन्हा २९७. ७०३ चंही तसंच. यांना कापरेकर संख्या म्हणतात. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो त्यांना त्यांनी हर्षद नाव दिलं, हर्ष देणारी. १२१, १२३२१ अशा संख्या ज्या घराण्यात येतात तिचं नाव डेम्लो, आणि ते नाव कुठून आलं तर मुंबईजवळच्या रेल्वे स्टेशनवरून. आजचं डोंबिवली! लोकल पकडायच्या ठिकाणी माणसाला गणित सुचलं आणि त्याने स्टेशनचंच नाव देऊन टाकलं. मला हे फार आवडलं.

मला स्वतःला सर्वांत भावल्या त्या स्वयंभू संख्या. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिचेच अंक मिळवा. १५ अधिक १ अधिक ५ बरोबर २१. म्हणजे १५ ही २१ ची आई. १०१ ला तर दोन आया, ९१ आणि १००. पण २० ला आईच नाही, कुठल्याही संख्येतून ती जन्मत नाही. ३१, ४२, ५३ यांनाही नाही. अशा संख्यांना देवळालीचं नावही मिळालं. १९६३ मध्ये त्यांनी यावर पुस्तिका काढली. शंभरपर्यंतच्या स्वयंभू संख्या काढणं तर चार ओळींचं काम आहे: १०१ घरांचा ॲरे घ्यायचा, सगळी घरं रिकामी, मग १ ते १०० प्रत्येकाचं पोर काढून त्या घरात खूण करायची. शेवटी ज्या घरांत खूण नाही त्या स्वयंभू. १, ३, ५, ७, ९, २०, ३१ करत ९७ पर्यंत तेरा निघतात. हा प्रोग्रॅम मी लिहिला तेव्हाही शहाणपण केलंच. ९९ चं पोर ११७, आणि माझ्या ॲरेला शेवटचं घर १००. सी भाषा बिचारी काही बोलत नाही, शेजारच्याच्या घरात जाऊन खूण करून येते. माझा काउंटरच बदलला आणि उत्तर भलतंच. असो, तो वेगळा किस्सा आहे.

मूळ मुद्द्यावर येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी मामांचा फोन आला. मामा आमच्या मुखेडकडे प्राथमिक शाळेत गुरुजी आहेत, कॉम्प्युटरशी त्यांचा संबंध पगारापुरता. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की कापरेकरांचा नियम मी मोडला, १००० ला चालतच नाही. त्यांनी विचारलं, कसं काय रे, करून दाखव. मी फोनवर सांगितलं: १००० वजा १, बरोबर ९९९. आता ९९९ उलटं केलं तरी ९९९, वजाबाकी शून्य. संपलं. मामा थोडा वेळ गप्प. मग त्यांनी एवढंच विचारलं, की सुरुवातीला अंक किती होते आणि आता किती राहिले? चौथा कुठं सांडला?

मी फोन ठेवला आणि लॅबकडे पळालो.

झालं होतं असं. आकड्याचे अंक सुटे करून ॲरेत भरणारं माझं फंक्शन आकडा शून्य होईपर्यंत दहाने भागत जायचं. १००० ला चार अंक बरोबर निघत होते. पण ९९९ आला की तीनच फेऱ्या व्हायच्या आणि ॲरेची लांबी तीन. पुढचं शून्य गेलं ते गेलंच. ३०८७ ला काही झालं नव्हतं, कारण तिथे उत्तर चार अंकीच होतं, शून्य मधे होतं. मी शून्य तपासलं होतं, पण चुकीच्या जागेचं. फेऱ्या ठामपणे चार केल्या आणि पुन्हा चालवलं: १००० चे ०९९९, मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, ८०८२, ८५३२, ६१७४. पाच पायऱ्या. यादीत नऊच आकडे उरले. ०००० ते ९९९९ सगळे चालवले तर सारखे अंक असलेले दहा सोडून ९९९० च्या ९९९० पोहोचले. २४०० जण तिसऱ्या पायरीत, २१८४ जण सातव्या पायरीला, आठवी कुणालाच नाही.

मग ते ६८ आकडे पुन्हा नीट पाहिले. प्रत्येकात तीन अंक सारखे आणि चौथा फक्त एकने कमी-जास्त. असं का, ते कागदावर मांडलं. मोठ्यात मोठा आणि लहानात लहान अंक यांच्यातला फरक समजा प, आणि मधल्या दोघांतला फ. तर वजाबाकी नेहमी ९९९ गुणिले प अधिक ९० गुणिले फ. प एक आणि फ शून्य असेल तेव्हाच तीन अंकी उत्तर येतं, बाकी कधीच नाही. म्हणजे माझी चूक एकाच दाराने आत येत होती. पण खरा धक्का पुढे बसला. प एक ते नऊ, आणि फ कधीच प पेक्षा मोठा नाही. अशा जोड्या होतात फक्त ५४! म्हणजे नऊ हजार नाही, चोपन्न आकडे तपासले की काम झालं. मशीन कशाला पाहिजे? वही-पेन्सिल घेऊन रविवारच्या एका दुपारी होतं ते. कापरेकरांनी कुठल्या रीतीने तपासलं असेल ते असो, पण हाताने तपासता येणारच नाही ही माझी समजूत मात्र साफ खोटी ठरली. त्या संध्याकाळी मेसमध्ये मी कुणाशी फार बोललो नाही.

त्यांच्या वाट्याला आलेलं आयुष्य तसं कोरडंच गेलं. १९४९ ला मद्रासच्या परिषदेत सांगितलेला शोध १९५३ मध्ये स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या अमेरिकन नियतकालिकात आला, पण घरच्यांचं लक्ष गेलं नाही. १९६६ साली पत्नी गेल्या. पेन्शन पुरेना, म्हणून म्हातारपणी गणित-सायन्सच्या शिकवण्या घ्याव्या लागल्या. आणि मग १९७५ च्या मार्चमध्ये सायंटिफिक अमेरिकनमध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात त्यांच्याविषयी लिहिलं. जगभर नाव झालं. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते, शाळा सोडून तेरा वर्षं झालेली. आपल्याकडच्या माणसाचं मोल कळायला बाहेरचा माणूस लागतो, हे आपलं जुनंच दुखणं. त्यानंतर अकरा वर्षांनी ते देवळालीतच वारले. आज ६१७४ ला जगभरच्या पुस्तकांत कापरेकर स्थिरांक म्हणतात.

दिवाळीत नांदेडहून नायगाव, नरसी करत एसटीने मुखेडला गेलो. मामांना चुकीची कबुली दिली आणि लॅपटॉप उघडून दुरुस्त प्रोग्रॅम दाखवला. ॲरेची लांबी आता मी बाहेरून देतो, तीन अंक दिले की ४९५ येतं. मामांनी अंगणात खेळणाऱ्या पोरांना बोलावलं आणि म्हणाले, सहा अंक घे, आपल्या गावाचा पिन कोड टाक. ४३१७१५. आकडे पळायला लागले: ६४०८५४, ८२०८७२, ८६४४३२... थांबेचनात. पोरं ओरडली, हा बी बिघडला. या वेळी मात्र मी आधी कागद घेतला. सातव्या पायरीला ४२०८७६ आलं होतं, आणि बरोबर चौदाव्या पायरीला पुन्हा तेच. सात आकड्यांचा फेरा, गोल गोल. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ हे दोन आकडे जागचे हलत नाहीत, पण आमचं मुखेड त्या दोघांकडेही जात नाही, फेऱ्यातच फिरतं.

मामांचा विश्वास बसला नाही. त्यांनी चष्मा लावला, जुन्या वहीचं कोरं पान काढलं, आणि ७५४३११ खाली ११३४५७ लिहून वजाबाकी सुरू केली. मामी दोनदा चहाला बोलावून गेल्या. ते नवव्या पायरीवर होते.