ध्येय ओळखलेला माणूस : आचार्य धर्मानंद कोसंबी



भगवान बुद्धांनी चेतनेलाच कर्म मानले आहे. चेतना म्हणजे कृतीमागचा हेतू. अष्टांगिक मार्गातही सम्यक् दृष्टीच्या लगेच पुढे सम्यक् संकल्प येतो. आपल्याला काय हवे आहे हे आधी स्वतःशी स्पष्ट झाले पाहिजे, मग पाऊल उचलावे. ही गोष्ट एखाद्याच्या चरित्रातून लवकर कळते. म्हणून आज तुम्हाला आचार्य धर्मानंद कोसंबी यांची हकीकत सांगतो.

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यात साखवाळ येथे एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात झाला. शाळेचे शिक्षण फारसे झाले नाही. लहान वयात लग्न झाले आणि नारळाच्या बागायतीची देखभाल गळ्यात पडली. मन कशातच रमेना. अशा वेळी ‘बालबोध’ मासिकात त्यांनी बुद्धांचे छोटेसे चरित्र वाचले आणि त्यांना आयुष्याची दिशा सापडली. बुद्धांचा धम्म मुळातून समजून घ्यायचा, एवढेच त्यांनी ठरवले.

1899 च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. पुण्यात त्यांना डॉ. भांडारकरांची मदत झाली. पुढे काशीला अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. बुद्धांचा धम्म नेपाळात मिळेल या आशेने, 1902 मध्ये अतोनात हाल सोसून ते तेथे पोहोचले. पण तिथली धर्माची अवस्था पाहून त्यांची निराशा झाली.

वाचकहो, इथे क्षणभर थांबा. एवढे कष्ट करून पोहोचलेला दुसरा कोणी असता तर मिळाले त्यात समाधान मानून बसला असता. धर्मानंदांनी स्वतःची फसवणूक केली नाही. आपण कशासाठी निघालो हे त्यांना पक्के ठाऊक होते, म्हणून ते मागे फिरू शकले. बुद्धगया, कलकत्ता असे करीत ते सिलोनला गेले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या हाताखाली पाली शिकले आणि श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशातही राहिले.

मग 1906 मध्ये त्यांनी चीवर उतरवले आणि कलकत्त्यात पाली शिकवू लागले. लोकांना हे चंचलपण वाटले असेल. परंतु शिकलेला धम्म आता इतरांना द्यायचा, हे त्यांनी ठरवले होते आणि त्या कामाला चीवराची अट नव्हती. थोड्याच काळात कलकत्ता विद्यापीठातील चांगली नोकरीही त्यांनी सोडली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी देऊ केलेले महिना 50 रुपयांचे वेतन त्यांनी पत्करले. कारण त्यांना महाराष्ट्रात राहून मराठी माणसाला त्याच्या भाषेत धम्म सांगायचा होता.

1910 मध्ये ते अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. या कामासाठी त्यांना पुन्हा पुन्हा तिकडे जावे लागले. हार्वर्डची ती आवृत्ती निघाली 1950 मध्ये, त्यांच्या निधनानंतर. दरम्यान 1912 ते 1918 या काळात त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. मराठीत ‘भगवान बुद्ध’सारखे ग्रंथ लिहिले. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवास भोगला. हार्वर्डला जाऊन आलेला हा पंडित पुढे मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजनविहारात राहिला. 4 जून 1947 रोजी सेवाग्राम येथे त्यांचे निधन झाले.

या चरित्राची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ते घराबाहेर पडले तेव्हा त्यांची मुलगी तान्ही होती. पत्नी बाळाबाई कित्येक वर्षे एकट्या पडल्या. धर्मानंदांचा हेतू शुद्ध होता, म्हणून बाळाबाईंचे सोसणे कमी झाले नाही. 1906 नंतर त्यांनी संसाराची जबाबदारी पुन्हा उचलली, ही त्यातली समाधानाची गोष्ट. हेतू स्पष्ट असावाच, पण त्याची किंमत घरातले दुसरे कोण मोजत आहे, हेही डोळे उघडे ठेवून पाहावे. स्वतःला ओळखणे यात तेही आले.

धर्मानंदांनी घर सोडले, चीवर सोडले, नोकरी सोडली. धम्म जाणून घेणे आणि सांगणे मात्र कधी सोडले नाही. वाटा बदलल्या, हेतू तोच राहिला.

तुम्ही नुकतीच धम्मदीक्षा घेतली आहे. घरातले देव्हारे उतरले, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आले. आता एकदा सहकुटुंब बसा आणि एकमेकांना विचारा : आपण हा धम्म कशासाठी घेतला? बाबासाहेबांनी 1935 मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली आणि 1956 मध्ये दीक्षा घेतली. मधली 21 वर्षे त्यांनी अभ्यास केला, विचार केला. आपल्याला निदान एक संध्याकाळ द्यायला काय हरकत आहे? आईला विचारा, मुलांनाही विचारा. उत्तर साधे असले तरी चालेल, पण ते स्वतःचे असावे. मग उद्या गावातल्या जत्रेचे बोलावणे आले, लग्नात जुन्या विधीचा आग्रह झाला, कर्ज काढून समारंभ करण्याचा मोह झाला, तर काय करायचे हे दुसऱ्याला विचारावे लागणार नाही.

जयभीम.