‘हॅव’, ‘हाबेमुस’ आणि रास्मुस रास्क

नवे पोप निवडले गेले की व्हॅटिकनच्या सज्जातून लॅटिनमध्ये घोषणा होते. तिच्यातलं ‘हाबेमुस’ म्हणजे ‘आमच्याकडे आहे’. इंग्रजी ‘हॅव’ त्यातूनच आलं, अशी माझी पक्की समजूत होती. अर्थ एक, आवाज जवळपास एक. अजून काय पाहिजे? भाषाशास्त्राच्या तासाला मी हे ठोकून दिलं आणि साफ चुकले. ती चूक समजून घेताना मला रास्मुस रास्क भेटले.

रास्क 1787 साली डेन्मार्कमध्ये ओडेन्सजवळच्या एका खेड्यात जन्मले. घरची परिस्थिती बेताची. शाळेत असतानाच ते जुनी आइसलँडिक भाषा आपली आपण शिकले. मूळ मजकूर आणि भाषांतर शेजारी ठेवून त्यांनी तिचं व्याकरण जुळवलं.

1814 मध्ये लिहिलेला त्यांचा मोठा निबंध 1818 मध्ये छापला गेला. शब्द तर उसनेही घेतले जातात, म्हणून नुसतं साम्य पुरत नाही. आवाजांतला फरक नेमाने पडायला हवा, हे त्यांनी त्यात दाखवलं. लॅटिनमध्ये सुरुवातीला ‘क’, तर डॅनिशमध्ये ‘ह’. शिंगाला लॅटिन ‘कोर्नू’, डॅनिश ‘होर्न’. कुत्र्याला ‘कानिस’, तिकडे ‘हुंड’. हाच नियम लावला तर डॅनिश ‘हावे’, म्हणजे इंग्रजी ‘हॅव’चं सख्खं भावंड, ‘हाबेमुस’च्या घरातलं ठरत नाही. त्याचं नातं लागतं लॅटिन ‘कापेरे’शी, म्हणजे पकडण्याशी. आधी हातात धरणं, मग जवळ असणं!

1816 मध्ये रास्क प्रवासाला निघाले. रशिया, इराण करत 1820 मध्ये मुंबईत पोचले. इथल्या पारशी मंडळींकडे अभ्यास करून त्यांनी अवेस्ताच्या जुन्या पोथ्या मिळवल्या आणि कोपनहेगनला नेल्या. अवेस्ताची भाषा अस्सल, प्राचीन आणि संस्कृतहून वेगळी आहे, हे त्यांनी 1826 मध्ये मांडलं.

नाव मात्र दुसऱ्याचं झालं. याकोब ग्रिम यांनी 1822 मध्ये तो आवाजांचा नियम अधिक नीट बांधला आणि जग त्याला ग्रिमचाच नियम म्हणू लागलं. पौर्वात्य भाषांचं प्राध्यापकपद रास्कना 1831 मध्ये मिळालं. पुढच्याच वर्षी क्षयाने ते गेले, वय अवघं 44.

आता दोन शब्द सारखे दिसले की मी लगेच नातं जोडत नाही. आधी नियम शोधते.